लीड्स-लिव्हरपूल कालवा : पहिल्या सफरीचा मार्ग आणि आपला कापूस

कालवा म्हटलं की आपल्याकडे पाणीपट्टी, पाण्याची पाळी आणि ऊस आठवतो. उर्दूत त्याला नहर म्हणतात. मूळ अरबीत हाच शब्द नदीसाठी आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहराला पाणी आणलं ते नहर-ए-अंबरीने. आपली नहर माणसाची तहान भागवते, शेत भिजवते. तिच्यातून मालाच्या होड्या जाताना आपण पाहिलेल्या नाहीत.

इंग्लंडमधले कालवे मात्र खोदले गेले तेच माल वाहायला. १७६१ मध्ये वर्स्ली इथल्या खाणींचा कोळसा ब्रिजवॉटर कालव्यातून मँचेस्टरच्या दिशेने येऊ लागला आणि शहरातला कोळसा निम्म्या किमतीवर आला. हिशेब सोपा होता. चिखलाच्या रस्त्यावर घोडा एक-दोन टनांची गाडी मुश्किलीने ओढतो. तोच घोडा काठावरून चालत स्थिर पाण्यातली ३० टनांची होडी ओढून नेतो. त्यानंतर कालव्यांचं जणू वेडच लागलं. पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले आणि कालवे ओस पडले. १९४६ मध्ये काही कालवाप्रेमींनी संघटना उभारून ते वाचवण्याची मोहीम सुरू केली. आज त्याच पाण्यात लोक भाड्याची होडी घेऊन सुट्टी घालवतात. होडीतच स्वयंपाक, होडीतच झोप.

माझा भाचा लीड्सला नोकरी करतो. पुढच्या उन्हाळ्यात बायको-मुलांना घेऊन अशी एक आठवड्याची सफर करायचं त्याच्या मनात आहे. त्याने विचारलं, ‘मामू, नकाशावर कालव्यांचं जाळंच आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठून कुठे जावं? आणि मुलांना नुसती बदकं दाखवून परत आणायचं नाही.’ त्याला जे सांगितलं, तेच इथे थोडं विस्ताराने लिहितो. कारण त्याच्या घराजवळून जाणारा लीड्स-लिव्हरपूल कालवा हा आपल्याही इतिहासाचा धागा आहे.

आधी सफरीचं गणित. कालव्यात वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. काठाला बांधलेल्या होड्यांजवळून जाताना आणखी हळू जावं लागतं. शिवाय वाटेत लॉक लागतात. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. होडी दोन दरवाजांच्या मधल्या हौदात घ्यायची, दरवाजे बंद करायचे, हौदात पाणी सोडून होडी वर उचलायची किंवा पाणी काढून खाली उतरवायची. हे सगळं आपल्याच हातांनी, एका लोखंडी हँडलने करायचं असतं. म्हणून जुने लोक एक लॉक बरोबर एक मैल धरतात. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला ३ ने भागायचं, म्हणजे साधारण किती तास लागतील ते कळतं. नवख्याने दिवसाला पाच-सहा तासांपेक्षा जास्त धरू नये. भाड्याची होडी अंधारात चालवू देत नाहीत. तिला वेगळा परवाना लागत नाही, देणारे निघण्यापूर्वी शिकवतात.

आणखी दोन गोष्टी. ६० फुटी होडी वाटेल तिथे वळत नाही. त्यासाठी कालवा मुद्दाम रुंद केलेल्या जागा आहेत, त्या नकाशावर आधीच खूण करून ठेवाव्यात. आणि या कालव्याची लॉकं विगान ते लीड्सच्या पट्ट्यात सुमारे ६२ फूटच लांब आहेत. इतर कालव्यांवर चालणारी ७० फुटी होडी इथे अडते.

पूर्ण कालवा १२७ मैलांचा आहे आणि मुख्य मार्गावर ९१ लॉकं आहेत. एका आठवड्यात तो पार करायचा हट्ट पहिल्या वेळी करू नये. लीड्सहूनच निघालं तर स्किप्टनपर्यंत २९ लॉकं लागतात. त्यांत बिंगलीची १७७४ ची प्रसिद्ध पाच पायऱ्यांची चढण आहे, एकाला एक लागून पाच हौद, जवळपास ६० फूट चढ. ती बघायला जावं, पहिल्याच दिवशी चढायला नको. म्हणून मी भाच्याला स्किप्टनहून होडी घ्यायला सांगितलं. तिथे भाड्याच्या होड्या मिळतात आणि तिथून दोन मार्ग फुटतात.

पूर्वेचा मार्ग बिंगलीपर्यंत, सुमारे १३ मैल, एकही लॉक नाही. फक्त हाताने ढकलून उघडायचे झुलते पूल आहेत. तीन-चार दिवसच असतील तर हाच बरा. बिंगलीला होडी बांधून रेल्वेने पुढच्याच स्टेशनावर सॉल्टेअर बघता येतं. टायटस सॉल्टची १८५३ ची लोकरीची गिरणी आणि कामगारांसाठी वसवलेलं गाव. त्या गावात त्याने दारूचा गुत्ता उघडू दिला नव्हता.

पश्चिमेचा मार्ग बर्नलीपर्यंत. सुमारे २५ मैल आणि २२ लॉकं, म्हणजे बेरीज ४७, म्हणजे साधारण १६ तास. जाऊन-येऊन ३२. सहा दिवसांत बसतं. कष्ट जास्त आहेत, पण मी हाच सुचवला. त्याचं कारण कालव्याच्या जन्मकथेतच आहे.

१७७० मध्ये काम सुरू होण्यापूर्वीच या कालव्याच्या मार्गावरून भांडण झालं होतं. यॉर्कशरच्या लोकांना लिव्हरपूलचं बंदर हवं होतं आणि वाटेत स्किप्टनकडचा चुनखडीचा दगड. लँकेशरच्या व्यापाऱ्यांना विगानचा कोळसा हवा होता आणि आपली गावं मार्गावर यायला हवी होती. पैसा यॉर्कशरचा जास्त, म्हणून पहिल्या आराखड्यात कालवा उत्तरेकडून जात होता. बर्नली आणि ब्लॅकबर्न बाजूलाच राहत होती. पण काम रेंगाळलं आणि मधल्या काळात या गावांत सूत आणि कापडाचा धंदा वाढला. १७९४ च्या कायद्याने मार्ग बदलून तो या गावांतून नेला. पूर्ण कालवा १८१६ मध्ये तयार झाला. ज्यांच्याकडे कापूस आणि कोळसा होता, त्यांनी पाणी आपल्या दारी वळवून घेतलं.

म्हणून या वाटेवर दोन काळ दिसतात. स्किप्टनच्या बाजूला कालवा डोंगराच्या अंगाने वळणं घेत जातो. गारग्रेव्ह आणि बँक न्यूटनची लॉकं चढली की ईस्ट मार्टनला एका कमानीवर दुसरी कमान बांधलेला पूल लागतो. रस्ता उंच करताना जुन्या पुलावरच नवा चढवलेला. ग्रीनबरफील्डची तीन लॉकं चढली की कालव्याचा माथा येतो. पुढे फोलरिजचा बोगदा आहे, जवळपास १,५०० मीटर लांब, १७९६ चा. आत काठ नाही. घोडा डोंगरावरून चालत यायचा आणि माणसं होडीत आडवी पडून बोगद्याच्या भिंतीला पाय लावत होडी पुढे रेटायची. आज तिथे सिग्नलचा दिवा आहे, हिरवा झाला की आत जायचं. मुलांना एक गोष्ट सांगावी. १९१२ मध्ये एक गाय कालव्यात पडली आणि हा अख्खा बोगदा पोहून पलीकडे निघाली.

इथवर दमलात तर फोलरिजवरूनच परत फिरावं. पुढे बॅरोफर्डची सात लॉकं उतरली की बर्नलीपर्यंत सपाट पाणी आहे. बर्नलीत कालवा सुमारे ६० फूट उंच बांधावरून जातो आणि खाली सगळं गाव दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या एका गावात जवळपास एक लाख माग चालत होते.

आता आपला धागा. खरं सांगायचं तर या कालव्यावर सगळ्यात जास्त वाहतूक कोळशाची झाली. कापूसही जायचा. १८६१ पूर्वी ब्रिटनला लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांतून येत होता. यादवी युद्ध सुरू झालं, बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशरच्या गिरण्या थंडावल्या. हजारो घरांत चूल पेटेना. तेव्हा लिव्हरपूलने मुंबईकडे पाहिलं. निजामाकडून १८५३ मध्ये घेतलेला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होताच. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ झाला, हिंगणघाटचा त्याच नावाने ओळखला गेला. कामगार मात्र हिंदुस्थानातल्या सगळ्याच कापसाला ‘सुरत’ म्हणायचे आणि त्याला वैतागायचे. आखूड धाग्याचा तो कापूस त्यांच्या यंत्रांवर सारखा तुटायचा, मजुरी कमी पडायची.

त्याच उपाशी दिवसांत, ३१ डिसेंबर १८६२ रोजी, मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामी संपवण्याच्या बाजूने अब्राहम लिंकनला पत्र पाठवलं. लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला उत्तर दिलं. आपल्याकडे काय झालं? मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ओसरला. भाव कोसळले. चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेले शेतकरी सावकारांच्या जाळ्यात अडकले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांमागचं हे एक कारण होतं.

वर्गात मी वर्षानुवर्षं एक वाक्य ऐकतो : इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले. त्याचा उगम शोधला तर आपण विल्यम बोल्ट्सच्या १७७२ च्या पुस्तकाशी पोचतो. त्यात लिहिलंय ते बंगालच्या रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांबद्दल. कंपनीच्या जुलमाच्या कामातून सुटायला त्यांनी स्वतःच अंगठे कापून घेतले, असं. हे कमी भयंकर नाही. पण नुसत्या अंगठ्यांच्या गोष्टीत खरं नुकसान झाकलं जातं. लँकेशरच्या स्वस्त सुताने आधी चरखा मोडला आणि चरखा बायका चालवायच्या. माग पुष्कळ ठिकाणी तगला, कारण विणकराने तेच गिरणीचं सूत विकत घेऊन कापड विणलं. उत्तरेकडून येऊन मालेगावात वसलेल्या मोमीन विणकरांनीही गिरणीचंच सूत वापरलं. त्या सूत कातणाऱ्या बायकांचं नाव ना आपल्या पुस्तकात येतं ना त्यांच्या.

बर्नलीजवळ हार्ल साइक इथे क्वीन स्ट्रीट मिल आहे, १८९४ ची, वाफेवर माग चालवणारी. आता ती संग्रहालय आहे. मोजक्याच दिवशी उघडते, म्हणून दिवस आधी बघून मग होडी ठरवावी. तिथले माग ‘लँकेशर लूम’ जातीचे आहेत. हा माग १८४२ मध्ये ब्लॅकबर्नला तयार झाला. मालेगाव आणि भिवंडीत आजही खटखटणारा साधा पॉवरलूम त्याच घराण्यातला. त्याची पहिली पिढी बरीचशी गिरण्यांनी काढून टाकलेल्या जुन्या मागांची होती. ज्या यंत्राने एका पिढीचा धंदा हलवला, त्याच यंत्रावर पुढच्या पिढ्यांनी पोट भरलं. त्यांचे कष्ट आणि कमी मजुरी हा वेगळा विषय आहे.

बर्नलीच्या अलीकडे नेल्सन आणि ब्रायरफील्ड लागतात. १९५० आणि ६० च्या दशकांत लँकेशरच्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा पाकिस्तान आणि गुजरातमधून कामगार आले. पुढे वीसेक वर्षांत गिरण्या बंद झाल्या, माणसं राहिली. म्हणून नेल्सनला मशीद आणि हलाल मटणाचं दुकान शोधावं लागत नाही. आठवड्याचा बाजार तिथेच करावा. नमाजसाठी होडी काठाला बांधून गवतावर उतरणं सोपं. किब्ला तिथून आग्नेयेला आहे, पण कालव्याच्या वळणांत दिशा सारखी बदलते, तेव्हा होकायंत्र ठेवावं. जूनमध्ये इशा फार उशिरा आणि फज्र फार लवकर. मुलांच्या झोपेचा विचार करून दिवसाचे टप्पे लहान ठेवावेत.

वेळ उरला तर बर्नलीहून बसने ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेनला जाता येईल. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी तिथे आले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचं काम गेलं त्या कामगारांना ते भेटले. गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून आनंदाने काढून घेतलेला फोटो सगळ्यांनी पाहिलाय.

एक गोष्ट राहिली. माथ्यावरचं पाणी जलाशयांतून येतं. कोरड्या उन्हाळ्यात ते आटलं की हा पट्टा बंद करतात. २०१० मध्ये विगान ते गारग्रेव्ह असे सुमारे ६० मैल बंद होते. म्हणून होडी मे किंवा जूनच्या सुरुवातीची घ्यावी आणि निघण्याआधी कालवा चालू आहे का ते बघावं. बंद असेल तर बिंगलीचा मार्ग आहेच. बर्नली मग रेल्वेने करावी, पण करावी. लीड्सच्या शाळेत मुलं शिकतात की कापूस ‘बाहेरून’ यायचा. तो कुठून यायचा आणि तिथल्या चरख्याचं काय झालं, हे त्यांना त्या मागापुढे उभं करून सांगायचं काम आपलं आहे.