बेटकुळी खरेच फुगते का?

‘बेटकुळी काढून दाखव’ म्हटले की मुले मूठ वळून हात कोपरात दुमडतात. दंडावर फुगवटा येतो. तो आला कोठून? या साध्या प्रश्नाने विद्वानांना सुमारे दीड हजार वर्षे चकवले.

दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलन याच्या मते मेंदूतून एक सूक्ष्म चेतनद्रव्य मज्जातंतूंवाटे स्नायूंत येते. सतराव्या शतकात देकार्तने त्याला यंत्राचे रूप दिले : हे द्रव्य शिरले की स्नायू फुगतो, म्हणून आखूड होतो. फुगवटा तर डोळ्यांना दिसतच होता. मग शंका कोण घेणार?

ती हॉलंडच्या यान स्वामरडामने (१६३७-१६८०) घेतली. बेडकाच्या पायाचा स्नायू मज्जातंतूसह काढून त्याने काचेच्या बंद नळीत ठेवला. नळीच्या बारीक तोंडात पाण्याचा एक थेंब होता. स्नायूचे आकारमान वाढले, तर आतली हवा थेंबाला वर ढकलणार. तारेने मज्जातंतू ओढताच स्नायू आखडला. थेंब मात्र वर चढला नाही! म्हणजे स्नायू जेवढा जाड झाला, तेवढाच आखूड झाला. बाहेरून त्यात काही भरले गेले नव्हते. हे काम छापले गेले १७३७-३८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने.

इटलीच्या बोरेल्लीचा ग्रंथ १६८०-८१ मध्ये, त्याच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. हाड म्हणजे तरफ, सांधा म्हणजे टेकू, असे मानून त्याने स्नायूंच्या बलाचे गणित मांडले. आपणही करून पाहू. दंडाच्या स्नायूची कंडरा कोपरापासून सुमारे ४ सेंमीवर हाडाला जोडलेली असते. तळहात सुमारे ३२ सेंमीवर. म्हणून कोपर काटकोनात ठेवून २ किलोचे वजन तोलताना, हाताचे स्वतःचे वजन सोडले तरी, स्नायूला सुमारे १६ किलोच्या भाराइतके बल लावावे लागते. बदल्यात स्नायू १ सेंमी आखडला की तळहात सुमारे ८ सेंमी हलतो. बल खर्चून वेग मिळतो.

गंमत अशी, की तरफेचे गणित बरोबर मांडणारा बोरेल्ली स्नायू फुगतो असेच मानत राहिला! खरी यंत्रणा उमगली १९५४ मध्ये : स्नायूतील सूक्ष्म तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांत सरकतात.

सरकणारे हे तंतू फक्त ओढू शकतात, ढकलू शकत नाहीत. वर्गात पडताळा घ्या. तळहाताने टेबल खाली दाबा आणि दुसऱ्या हाताने दंड चाचपा. आता बेटकुळी सैल आणि दंडाची मागची बाजू घट्ट! असे का, हे मात्र मुलांनाच सांगू द्या.