आठवणीची पकड

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यानें आपणांपैकीं पुष्कळजण पावसाळ्यांत गेले असतील. पौड मागें टाकल्यावर डोंगरांच्या कुशींत मुळशीचें विस्तीर्ण पाणी दिसूं लागतें, आणि मन प्रसन्न होतें. त्या पाण्याखालीं भाताचीं खाचरें, घरें व देवळें गेलीं, हें मात्र प्रत्येकाच्या ध्यानांत असतेंच असें नाहीं. मुंबईला वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें येथें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां अनेक गांवांवर संकट आलें, आणि १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींनीं त्याची धुरा वाहिली. १९२४ सालीं लढा ओसरला. १९२७ मध्यें मुळशीच्या पाण्यावर कोंकणांतील भिऱ्याचें वीजघर चालूं लागलें.

या हकीकतींतील एका लहानशा गोष्टीचा मला आज विचार करावयाचा आहे. गांवांतून उठलेल्या एखाद्या शेतकऱ्याला तीस वर्षांनीं काठावर उभें केलें असतें, तर सपाट पाण्याकडे बोट करून तो म्हणाला असता, "तिथं आमचं देऊळ, अन् त्याच्या वरल्या अंगाला खाचर." डोळ्यांना दिसणारी एकही खूण उरलेली नाहीं, तरी जागा त्याला ठाऊक आहे. मेंदूंतील द्रव्यें तर सतत झिजतात व नव्यानें घडतात. मग ही जागा इतकीं वर्षें टिकते कशी?

या प्रश्नाच्या इतिहासांत दोन वाटा आहेत. पहिली स्पेनच्या रामोन इ काहाल यांची. मेंदू हें सलग जाळें नसून सुट्या पेशींचा समुदाय आहे, असें त्यांनीं दाखविलें. आणि १८९४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानांत, अभ्यासानें नव्या पेशी निर्माण होत नसून पेशींमधील संबंध वाढत असावेत, असा तर्क मांडला. दुसरी वाट मेंदूपासून फार दूरची. १९०७ सालीं अमेरिकेंतील प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनीं समुद्रांतील जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडांतून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी सरकत सरकत एकत्र आल्या, आणि त्यांतून पुन्हां स्पंज तयार झाला! पेशींना आपलें माणूस ओळखतां येतें आणि धरतांही येतें, हें त्यावरून कळलें.

या दोन वाटा एकत्र यावयास सत्तर वर्षें लागलीं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेराल्ड एडेलमन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ च्या सुमारास कोंबडीच्या गर्भांतील मज्जापेशींवर एक प्रथिन शोधून काढलें. एका पेशीवरील हें प्रथिन शेजारच्या पेशीवरील आपल्याच जातीच्या प्रथिनाला धरून ठेवतें. त्याला 'एन-कॅम' हें नांव मिळालें. पेशींना जोडणाऱ्या अशा रेणूंची मोठी जमात आज ठाऊक झालेली आहे.

परंतु जोडणें आणि आठवणें यांचा संबंध काय? १९९२ सालीं डब्लिनच्या संशोधकांनीं उंदरांना एक गोष्ट शिकविली, आणि मागाहून एन-कॅमला अडविणारें द्रव्य त्यांच्या मेंदूंत सोडलें. शिकल्यानंतर सहा ते आठ तासांच्या अवधींत तें सोडलें असतां शिकलेलें पुसलें गेलें. म्हणजे धडा संपल्यावरही मेंदूचें काम चालूंच असतें. १९९४ सालीं हॅरोल्ड क्रेमर व त्यांचे सहकारी यांनीं एन-कॅम मुळींच नसलेल्या उंदरांची परीक्षा घेतली. ही परीक्षा अशी: हौदांत गढूळ पाणी, पाण्याखालीं कोठें तरी एक लपलेला ओटा, आणि आजूबाजूच्या खुणांवरून त्याची जागा लक्षांत ठेवावयाची. हे उंदीर दिसावयास धडधाकट होते. पण पाण्याखालची जागा शिकण्यांत ते मागें पडले. त्यांच्या मेंदूची वाढही कांहींशी खुरटलेली होती. म्हणून सर्व दोष एकट्या आठवणीचा मानतां येत नाहीं. हे रेणू म्हणजेच स्मृति, असेंही समजूं नये. पेशींमधील निरोप नेणारीं व घेणारीं द्रव्यें निराळींच आहेत. पण ज्या सांध्यांतून निरोप जातात, ते सांधे घडविण्याचें व धरून ठेवण्याचें काम या रेणूंचें आहे.

याहून विलक्षण गोष्ट एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेंत १९९२ सालीं उघडकीस आली. एका समुद्री गोगलगाईच्या मज्जापेशींवर, शिकतांना पाझरणारें सेरोटोनिन हें द्रव्य सोडलें, तेव्हां तासाभरांतच जोडणाऱ्या रेणूंपैकीं कांहीं पेशींनीं आंत ओढून घेतले. जुनी पकड सैल झाली, आणि त्यानंतर नवे सांधे फुटले. मुळशीच्या शेतकऱ्याला यांत नवल वाटलें नसतें. भाताचें रोप उपटल्याखेरीज लावणी होत नाहीं, हें तो जन्मभर पाहत आलेला असतो.

सारांश, आठवण ही पेटींत ठेवलेली वस्तु नव्हे. ती एक पकड आहे. द्रव्य झिजतें, बदलतें. पकड मात्र नव्या द्रव्यानें चालूं ठेवावी लागते. आणि ती माणसाबरोबरच संपते. मुलांना ती वारसाहक्कानें मिळत नाहीं. मुळशीचीं तीं गांवें उघड्या डोळ्यांनीं पाहिलेली पिढी आतां गेल्यातच जमा आहे. भुस्कुट्यांनीं लढ्याची हकीकत ग्रंथरूपानें लिहून ठेवली, म्हणून ती आपणांस वाचतां येते. पण वाचलेलें दुसऱ्याच्या डोक्यांत रुजावयाचें, तर कोणीं तरी तें सांगितलें पाहिजे. पुढल्या पावसाळ्यांत त्या रस्त्यानें जाल, तेव्हां क्षणभर थांबा, आणि बरोबरच्या मुलांना पाण्याकडे बोट करून ही गोष्ट सांगा. तीं घरीं येऊन झोंपीं जातील, तेव्हांही तिचें काम चालूंच असेल.