पेट्रोलचा माग

आज जरा वेगळा विषय. इतिहास म्हटला की आपण राजे, लढाया आणि तह काढून बसतो. मीही शाळेत अनेक वर्षे तेच शिकवले. पण रोजच्या वापरातली वस्तू बिघडली तेव्हा माणसांनी काय केले, हाही इतिहासच की! जुनी मोटार सुरू होत नसेल आणि दोष पेट्रोलच्या वाटेवर असेल, तर तो माणसे कसा शोधत आली, एवढेच आज सांगणार आहे.

सुरुवात थेट १८८८ पासून करू. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या मानहाइम शहरातून बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, नवऱ्यानेच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून माहेरी निघाली. माहेर फोर्ट्सहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास तो हाच. पेट्रोल पंप तेव्हा नव्हतेच. वाटेत वीसलोख नावाच्या गावी औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन विकत घेतले. पेट्रोलसारखेच पातळ, चटकन उडून जाणारे द्रव. पुढे इंधनाची नळी तुंबली. बाईंनी टोपीला लावलेली लांब पिन काढली, नळी मोकळी केली आणि गाडी पुढे निघाली.

ही गोष्ट सांगताना सगळे पिनेचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते पिन कुठे घालायची हे तिला कळले याचे. इंजिन बंद पडण्याची कारणे तेव्हाही अनेक होती. त्यातले हेच कारण, हे तिने ओळखले.

बेंझच्या त्या गाडीत हवा इंधनाच्या पृष्ठभागावरून जायची आणि वाफ बरोबर घेऊन इंजिनात शिरायची. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने इंधनाचा फवारा करणारा कार्बोरेटर काढला. तत्त्व सोपे आहे. हवेची वाट एका जागी अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. तेवढ्या दाबाच्या फरकाने बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर ओढले जाते. या अरुंद जागेला व्हेंचुरी म्हणतात, १७४६ साली जन्मलेल्या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून. त्याच्या हयातीत मोटार नव्हतीच. तो पाण्याच्या प्रवाहाचा अभ्यास करत होता. ज्ञान कुठून निघते आणि कुठे पोचते पाहा!

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखायला एक फ्लोट असतो. आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो तसाच. पातळी वर आली की सुई बसते आणि पेट्रोल बंद. खाली गेली की सुई उघडते. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा, हे प्रमाण या साध्या भांड्याने सांभाळायचे.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट येऊ लागली आणि १९७४ साली त्याच गाडीचे नाव पद्मिनी झाले. तिचे इंजिन १०८९ सीसीचे. १९८३ च्या अखेरीस मारुती येईपर्यंत सामान्य माणसाला निवड करायची ती मुख्यतः फियाट आणि अॅम्बेसेडर यांत, तीही वर्षानुवर्षे नंबर लावून. अशी मिळालेली गाडी कोण टाकून देणार? ती चालती ठेवणे भागच होते. त्यातून गावोगावी, नाक्यानाक्यावर फियाटचे मिस्त्री तयार झाले. बहुतेकांच्या हाती कसलेही प्रमाणपत्र नव्हते. शिक्षण झाले ते उस्तादाच्या हाताखाली पाने देता देता.

या मिस्त्रींची पद्धत मी बारकाईने पाहिली आहे. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशी गाडी आली की पहिला प्रश्न ठरलेला: करंट नाही की पेट्रोल नाही? प्लग काढून ठिणगी पाहायची. ठिणगी निळी, जोरदार असेल तर मोर्चा पेट्रोलकडे.

मग नाक. बऱ्याच वेळा सेल्फ मारूनही पेट्रोलचा वास नाही आणि प्लग कोरडा, तर पेट्रोल पोचतच नाही. वास भपकन आला आणि प्लग ओला, तर जास्त पोचते आहे. म्हणजे फ्लोटला भोक पडून तो बुडाला आहे, सुईत कचरा अडकला आहे किंवा मालकाने चोक ओढून ओढून इंजिन भिजवले आहे.

पोचत नसेल तर वाट मधोमध तोडायची. कार्बोरेटरला येणारी नळी काढून बाटलीत धरायची आणि एकाने सेल्फ मारायचा. बाटलीत चूळ भरल्यासारखे पेट्रोल पडले तर टाकी, नळी आणि पंप निर्दोष. दोष पुढे, सुईत किंवा जेटमध्ये. पडले नाही तर दोष मागे. पंपाचा पडदा फाटला असेल (तो फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, म्हणून ऑइलची पट्टी काढून तिचाही वास घ्यायचा), जाळी तुंबली असेल, नळीला चीर पडून पंप नुसती हवा ओढत असेल. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तरी पेट्रोल येत नाही. झाकण सैल केले की गाडी चालू! आणि काटा अर्धी टाकी दाखवत असला तरी टाकीत काडी घालून खात्री करायची. जेट साफ करायचा तो फुंकून, तार घालून नाही. पितळ मऊ असते, छिद्र मोठे झाले की हवा-पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते.

उन्हाळ्यातला आजार निराळा. मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आठवेल. उष्णतेने पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. उपाय म्हणजे पंपावर ओले फडके आणि पंधरा-वीस मिनिटे धीर. इथे काहीही उघडायचे नाही, हे कळणे हीच विद्या.

या विद्येची आठवण व्हायला निमित्त झाला आमचा भाचा. हौसेने त्याने जुनी पद्मिनी घेतली. काही महिने उभी राहिली आणि मग सुरू होईना. एका गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग कॉइल, मग पूर्ण कार्बोरेटर. प्रत्येक वेळी नवे बिल. गाडी होती तिथेच. विकून टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या. शेवटी सत्तरीच्या पुढचे एक मिस्त्री शोधून आणले. त्यांनी नळी बाटलीत धरली. दोन थेंब पडले. मग पंपाच्या मागची नळी काढली, तिथेही तेच. टाकी उतरवली तर तळाशी गंज आणि गाळ, आणि टाकीतली जाळी बुजलेली. अर्ध्या तासात निदान झाले. बदललेल्या एकाही वस्तूत दोष नव्हता.

त्यात पेट्रोलही बदलले आहे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोचले. इथेनॉल हवेतला ओलावा धरते, टाकीत जुना थर असेल तर तो सुटा करते आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही. म्हणजे जुन्या गाड्यांचे हे दुखणे वाढणारच. आणि ते ओळखणारे हात कमी होत चालले आहेत. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली.

मी कार्बोरेटरचे गोडवे गात नाही. इंजेक्शनची गाडी थंडीतही पहिल्या झटक्यात सुरू होते, धूर कमी सोडते, हे चांगलेच आहे. तिथे स्कॅनर लावला की तो सांगतो, पेट्रोल कमी पडते आहे. पण का कमी पडते? पंप थकला, फिल्टर तुंबला की कुठून हवा शिरते आहे? ते शोधायला दाब मोजायचे घड्याळ लावून तीच वाट पुन्हा चालावी लागते. यंत्र बदलले तरी प्रश्न बर्थाबाईंच्याच वेळचा राहिला: इथपर्यंत पोचले का?

भाच्याकडच्या त्या मिस्त्रींच्या हाताखाली आता कोणी मुलगा नाही. मी भाच्याला सांगितले आहे की पुढच्या वेळी ते येतील तेव्हा नुसता चहा देऊ नकोस, बाटली तू धर. आणि त्यांनी काय आधी पाहिले, काय नंतर, ते वहीत लिहून घे. आपल्यापैकी कोणाच्या ओळखीत असा मिस्त्री असेल तर तुम्हीही लिहून घ्या. हा इतिहास अजून कुठल्या पुस्तकात आलेला माझ्या पाहण्यात नाही.