पद अण्णांचं, शब्द लक्ष्मीबाईंचा



दोन वर्षांपूर्वी मी इथे नाशिकला आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष झाले. पर्युषणानंतरच्या पारण्याची कामं वाटून दिली, नावांची यादी ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. कामाला आल्या मात्र तिघीच, त्याही एका काकूंच्या शब्दाखातर. त्या काकूंकडे कधीच कुठलं पद नव्हतं. मी बी.कॉम. झालेली, पण हा हिशेब मला जुळेना. तेव्हा लक्ष्मीबाई पाटील आठवल्या.

लक्ष्मीबाई म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. हे जैन कुटुंब. भाऊरावांनी, म्हणजे अण्णांनी, १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची गरीब मुलं एका छताखाली राहणार, एका पंगतीत जेवणार. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं.

संस्था अण्णांची, नियम अण्णांचे, शिस्तही त्यांचीच आणि मोठी कडक. पण एकत्र पंगतीचा नियम कागदावर लिहिणं वेगळं आणि रोज त्या मुलांना आईच्या हाताने वाढणं वेगळं. लक्ष्मीबाई सधन घरातल्या, सोवळ्यात वाढलेल्या. मैत्रिणींनो, आपल्याला चांगलं ठाऊक आहे, चूल सोडणं किती जड जातं! त्यांनाही ते सोपं गेलं नाही. पण त्यांनी आधी स्वतःचं मन बदललं, मग त्या मुलांच्या आई झाल्या.

पैसा पुरेना तेव्हा अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा अण्णा गावाला गेलेले आणि कोठीत धान्य नाही. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातलं. आपल्यासाठी या बाईने काय दिलं, हे मुलांनी पाहिलं होतं. मग त्यांचा शब्द मोडायला कोण धजेल?

१९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचं पुढचं वैभव, साताऱ्याचं १९४७ मधलं शिवाजी कॉलेज, त्यांनी पाहिलंच नाही. तरी आजही रयतेत त्यांना ‘रयत माउली’ म्हणतात. हे पद कुठल्याही निवडणुकीत मिळत नाही.

व्यवस्था लागतेच. यादी, हिशेब, वेळा यांच्याशिवाय पारणं होत नाही. पण यादीने फक्त नावं जमतात. माणसं जमतात ती आपण आधी काय सोडलं, काय उचललं ते पाहून.

गेल्या वर्षीही यादी केली, फक्त पहिलं नाव माझं घातलं, भांडी घासण्यापुढे. आदल्या दुपारी काकूंच्या शेजारी मूग निवडायला बसले. संध्याकाळपर्यंत परातीभोवती आम्ही अकरा जणी होतो.