वाळुंजाची साल, खोपोलीची भुकटी

वडखळ नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो. इथल्या कोंडीत अडकून ज्याचं डोकं ठणकलं नाही असा कोकणी चाकरमानी विरळाच. त्याच्या मागेपुढे रसायनांचे टँकर उभे असतात. कुणी रोह्याच्या धाटावला निघालेला, कुणी महाडला. डोकेदुखीच्या गोळीचं या टँकरांशी जवळचं नातं आहे, पण गोष्ट सुरू होते ती झाडापासून.

सह्याद्रीत ओढ्यानदीच्या काठाने वाळुंज वाढतो. गावांना आणि आडनावांनाही त्याने नाव दिलं. युरोपातला विलो हा त्याचा भाऊबंद. 1763 साली एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने विलोची साल वाळवून, कुटून सुमारे 50 तापकऱ्यांना दिली आणि गुण आल्याचं रॉयल सोसायटीला कळवलं. सालीतला कडू पदार्थ, सॅलिसिन, 1828 साली म्युनिकच्या बुखनरने वेगळा काढला. इटालियन रसायनज्ञ पिरिया याने 1838 मध्ये त्याची फोड केली. सॅलिसिनच्या रेणूला ग्लुकोजचं शेपूट असतं. ते तोडून उरलेल्या भागाचं ऑक्सिडीकरण केलं की सॅलिसिलिक आम्ल मिळतं.

औषध हाती आलं, पण एवढी झाडं सोलणार कोण?

उत्तर जर्मनीच्या कोल्बेने काढलं, तेही कोळशाच्या डांबरातून. त्यातलं फिनॉल घ्यायचं, कॉस्टिक सोड्याने त्याचं सोडियम फिनेट करायचं, ते कोरडं करून, तापवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा; शेवटी आम्ल ओतलं की सॅलिसिलिक आम्ल खाली बसतं. 1874 मध्ये ड्रेस्डेनजवळ त्याचा कारखानाच उभा राहिला. झाडाची गरज तिथे संपली.

सॅलिसिलिक आम्लाने सांधे मोकळे होत, पण पोट जळे. 10 ऑगस्ट 1897 रोजी बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमनने या आम्लावर ॲसेटिक अनहायड्राइडची क्रिया केली. फिनॉलच्या बाजूचा हायड्रोजन गेला, तिथे ॲसिटाइल गट बसला आणि ॲस्पिरिन तयार झालं. (रसायनज्ञ गेरहार्टने हे संयुग 1853 मध्येच बनवलं होतं, पण अशुद्ध.) 138 किलो सॅलिसिलिक आम्लाचं जास्तीत जास्त 180 किलो ॲस्पिरिन होतं, सोबत ॲसेटिक आम्ल निघतं. त्याच महिन्यात हॉफमनने अफूतल्या मॉर्फिनलाही ॲसिटाइल गट जोडला. ते हेरॉइन! म्हणूनच ॲसेटिक अनहायड्राइड 1993 पासून भारतात नियंत्रित पदार्थ आहे, त्याच्या पिंपापिंपाचा हिशेब ठेवावा लागतो.

वडखळहून मुंबईकडे निघालं की पेण लागतं आणि तिथून एक रस्ता खोपोलीला जातो. खोपोलीत अल्टा लॅबोरेटरीज सॅलिसिलिक आम्ल आणि त्याची संयुगं बनवते. फिनॉल आता डांबराऐवजी खनिज तेलापासून येतं. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सने तर याच रायगड जिल्ह्यात रसायनी हे गावाचं नावच रूढ केलं, मात्र तिचा फिनॉलचा कारखाना निघाला तो दूर केरळात, कोचीजवळ अंबलमुगळला.

गंमत अशी की, झाड पुरतं हटलं नाही. भारतात ॲसेटिक आम्ल कित्येक दशकं मळीच्या अल्कोहोलपासून होत आलं: अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड, त्याचं ॲसेटिक आम्ल आणि त्यातूनच पुढे अनहायड्राइड. वाळुंज गेला, पण रेणूच्या दुसऱ्या टोकाला ऊस येऊन बसला.

कोकणातल्या पावसाळ्यात ॲस्पिरिनची बाटली उघडी राहिली तर हॉफमनची करामत उलटी फिरते. दमट हवेतलं पाणी ॲसिटाइल गट तोडतं, बाटलीला व्हिनेगरचा आंबूस वास येतो आणि गोळीत पुन्हा पोट जाळणारं सॅलिसिलिक आम्ल तयार होऊ लागतं.