फोटोखालचं नाव

इंग्लंडमध्ये रहायला आल्यावर सुरुवातीला ज्या गोष्टींची गंमत वाटली त्यांत इथले कॅमेरा क्लब होते. आपल्याकडे गावोगाव भजनी मंडळं असतात तसे हे. आठवड्यातून एका संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमतात. सीझन सप्टेंबरात सुरू होतो आणि उन्हाळा आला की संपतो. स्पर्धेच्या दिवशी बाहेरगावचा परीक्षक येतो, एकेका फोटोवर दोन मिनिटं बोलतो आणि वीसपैकी मार्क देतो. फोटो कुणाचा हे सांगायचं नाही असा नियम. पण ज्याचा असतो तो छताकडे बघायला लागतो, त्यामुळे सगळ्यांना कळतंच.

मी १९८४ साली अशा एका क्लबाचा सभासद झालो. माझा पहिला फोटो होता गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आईचा. मागे शेजाऱ्यांची धोतरं, टीव्हीचे अँटेना, पाण्याची टाकी. परीक्षकांनी रंगांचं कौतुक केलं आणि मग दोन काळी पुठ्ठ्याची कार्डं घेऊन फोटोच्या दोन्ही बाजूंना धरली. धोतरं गेली, टाकी गेली. आई आणि चार पापड उरले. मार्क १३. मी घरी येऊन बायकोपुढे बराच वेळ बडबडलो. ते परीक्षक बरोबर होते हे मान्य करायला मला वर्ष लागलं.

पण ज्या संध्याकाळीमुळे हा लेख लिहायला घेतला ती तीन वर्षांनंतरची. क्लबातले एक वयस्क सभासद भारतात जाऊन आले होते. त्यांची एक स्लाईड पडद्यावर आली: गोदावरीचा घाट, सकाळचं तिरकं ऊन, पायरीवर एकटी बसलेली म्हातारी. अप्रतिम फोटो होता. शीर्षक वाचलं गेलं, ‘नाशिकची विधवा’. परीक्षक तिच्या डोळ्यांतल्या एकाकीपणावर बोलले आणि १९ मार्क दिले. म्हातारीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. हातात मनगट भरून हिरव्या बांगड्या होत्या. नवरा बहुधा दहा पायऱ्या खाली अंघोळ करत असेल! त्या हॉलमध्ये हे वाचता येणारा मी एकटा होतो, आणि मी गप्प बसलो. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी या क्लबांचा इतिहास वाचायला लागलो, आणि इंग्लंडमधून सुरू केलेलं वाचन थेट मुंबईला जाऊन पोचलं. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी (आजची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी) १८५३ च्या जानेवारीत स्थापन झाली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली ऑक्टोबर १८५४ मध्ये. दोन वर्षांचंही अंतर नाही! बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. १८५५ च्या जानेवारीपासून सोसायटीचं स्वतःचं नियतकालिकही निघू लागलं.

सुरुवातीच्या सभासदांत बहुतेक लष्करी अधिकारी, मुलकी नोकर आणि व्यापारी असे गोरे लोक. पण त्यांच्याबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड होते. भायखळ्याच्या म्युझियमला आज ज्यांचं नाव आहे तेच हे, गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कसलेले फोटोग्राफर. ते पुढे सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर आले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतले पहिल्या फळीतले धंदेवाईक देशी फोटोग्राफर झाले. (पुढे हे गृहस्थ आर्य समाज आणि थिऑसॉफिस्ट यांच्या भांडणात सापडले, पण ती कथा वेगळी.)

एकमेकांना फोटो दाखवण्याची गरज या लोकांना का पडली हे समजायला त्या वेळचा फोटो कसा निघायचा ते पहावं लागतं. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली होती. काचेवर कलोडियन ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. कलोडियनमध्ये ईथर असतं, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात ते काय वेगाने उडून जाईल याची कल्पना करा. म्हणून प्रवासाला निघणारे लोक मेणकागदाची पद्धत वापरत. तो कागद आधी तयार करून नेता येई, पण तपशील काचेइतका स्वच्छ येत नसे. लंडनहून आलेली पुस्तकं लंडनच्या हवेसाठी लिहिलेली. इथे काय चालतं हे सांगणार फक्त शेजारचा, ज्याची काच गेल्या आठवड्यात बिघडली तो. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडतात आणि दिवसेंदिवस निघत नाहीत. गोऱ्या साहेबाचीही काळीच पडतात! एका टेबलाभोवती बसून एकमेकांच्या प्रिंटवरचे डाग मोजताना थोडा वेळ तरी बरोबरीचं नातं तयार होत असणार, असं मला वाटतं.

पण ही बरोबरी डागांपुरती. फोटोत काय आहे, त्याला नाव काय द्यायचं, हा प्रश्न आला की मामला बदलतो. सोसायटीच्या आश्रयाने डिसेंबर १८५६ पासून ‘द इंडियन अ‍ॅमेच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचं मासिक निघालं. संपादक विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन. अंकात छापील चित्रं नव्हेत, खरे फोटो चिकटवलेले असत, आणि त्यांत पश्चिम हिंदुस्थानातल्या जाती-धंद्यांचे नमुने, त्यांच्या पोशाखांसकट. जॉन्सनने पुढे याच कामातून दोन खंडांचं पुस्तक केलं. १८६३ चा पहिला खंड गुजरात, कच्छ, काठेवाडचा आणि १८६६ चा दुसरा महाराष्ट्राचा. त्यातली माणसं एकीकडे उभी करून टिपलेली आहेत आणि मागचा देखावा दुसरीकडचा, कापून जोडलेला. खाली लिहिलेली जात मात्र ठाम. मला आमच्या परीक्षकांची ती काळी कार्डं आठवली. ज्या सोसायटीत हे घडत होतं तिथे भाऊ दाजींसारखा, फोटोतल्या माणसाची पगडी पाहून गाव सांगू शकेल असा माणूस सभासद होता.

बोललं की काय होतं याचं उदाहरण मुंबईत नाही, कलकत्त्यात सापडतं. बंगालची फोटोग्राफिक सोसायटी १८५६ च्या जानेवारीत निघाली आणि प्रसिद्ध संशोधक राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार झाले. एप्रिल १८५७ मध्ये टाउन हॉलच्या एका जाहीर सभेत त्यांनी भाषण केलं. विषय फोटोंचा नव्हताच. मुफस्सिलातल्या गोऱ्यांनाही तिथल्या फौजदारी कोर्टांच्या कक्षेत आणावं की नाही असा वाद होता, आणि मित्रांनी निळीच्या मळेवाल्यांविषयी कडक शब्द वापरले. फोटोग्राफिक सोसायटीतले युरोपियन सभासद खवळले. मित्रांना त्याच वर्षी सोसायटीतून काढून टाकण्यात आलं आणि काही सभासदांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. डाग दाखवणारा देशी माणूस चालत होता. निळीच्या मळ्यातला डाग दाखवला तेव्हा मात्र त्याला बाहेरचा रस्ता दिसला. मित्रांचं यात फारसं बिघडलं नाही. १८८५ साली ते एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. त्या फोटोग्राफिक सोसायटीत ज्यांनी त्यांच्याविरुद्ध हात वर केले त्यांची नावं आज कोण विचारतो?

हे वाचलं तेव्हा मला घाटावरची म्हातारी आठवली. माझ्यावर कोण मळेवाला उलटणार होता? फार तर चहाच्या वेळी जरा शांतता पसरली असती. आपण इथे पाहुणे, पाहुण्याने यजमानाच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणू नये, एवढाच माझा विचार होता. वीस वर्षं कर भरणारा पाहुणा!

खरं सांगायचं तर मी ते बोललो होतो, पण उशिरा. पुढच्या हिवाळ्यात क्लब संपल्यावर मी आणि ते वयस्क सभासद मागच्या स्वयंपाकघरात कप विसळत होतो. मी कुंकवाचं सांगितलं, बांगड्यांचं सांगितलं. ते हातातला टॉवेल तसाच धरून उभे राहिले. तोपर्यंत ती स्लाईड त्याच नावाने आणखी तीन प्रदर्शनांत जाऊन आली होती, एका ठिकाणी पदकही मिळालं होतं.

“हे तू त्याच रात्री का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

मी उरलेले कप विसळले. त्यांनी खिशातून पेन काढलं, दुसऱ्या दिवशी मुद्दाम माझ्या घरी स्लाईड घेऊन आले, चौकटीवरचं जुनं नाव खोडलं आणि नव्या नावाचं स्पेलिंग मला विचारून लिहिलं: ‘घाट, नाशिक’.