हुकलेल्या टकरींची मोजदाद

एखादा चौक धोकादायक आहे हे ठरवायला एकेकाळी पोलिसांच्या नोंदवहीखेरीज साधन नव्हते. एका चौकात गंभीर अपघात वर्षाकाठी मोजकेच होतात. आकडे बोलू लागेपर्यंत काही वर्षे थांबायचे, म्हणजे आणखी काही माणसे दगावेपर्यंत थांबायचे. हे थांबणे टाळण्याच्या धडपडीतूनच अपघातांचे सिम्युलेशन जन्मले. संगणक त्यात बराच उशिरा आला.

सुरुवात झाली ती जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत. १९६७ च्या सुमारास तिथल्या पर्किन्स आणि हॅरिस यांनी झालेले अपघात सोडून हुकलेले अपघात मोजायला घेतले. वळणारी गाडी आडवी आली आणि समोरच्याचे ब्रेकचे लाल दिवे लागले, किंवा त्याने झटक्यात गाडी बाजूला घेतली, की एक नोंद. वर्षांचे काम दिवसांवर आले. पण ब्रेक तर सावध माणूस उगाचही दाबतो. म्हणून १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियात जॉन हेवर्ड यांनी मोजमाप सेकंदांवर आणले: दोन्ही गाड्या याच वेगाने, याच दिशेने जात राहिल्या, तर टक्कर व्हायला किती वेळ उरला आहे?

स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठाच्या क्रिस्टर हिडेन यांनी या विचाराला शिस्त लावली. त्यांचे निरीक्षक रस्त्याकडेला उभे राहून वेग आणि अंतर नुसत्या नजरेने टिपायला शिकत. शहरात दीड सेकंद ही धोक्याची रेषा धरली गेली. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात जवळपास २१ मीटर कापते! १९८३ मध्ये माल्मो शहरात निरनिराळ्या देशांची पथके त्याच त्या चौकांवर उभी राहिली, एकमेकांची मोजणी ताडून पाहायला.

दरम्यान, जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये वीडेमान यांनी १९७४ मध्ये पुढच्या गाडीमागे चालक कसा वागतो याचे गणित मांडले होते. त्यावर उभ्या राहिलेल्या, संगणकावर वाहतुकीची नक्कल करणाऱ्या प्रणाली कोंडी आणि रांगा अभ्यासण्यासाठी होत्या. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने २००८ मध्ये या दोन्ही वाटा एकत्र आणल्या. ‘एसएसएएम’ नावाचा त्यांचा प्रोग्रॅम आभासी चौकातल्या प्रत्येक गाडीचा मार्ग वाचतो, तिच्या आकाराचा चौकोन क्षणाक्षणाला पुढे सरकवतो आणि दोन चौकोन एकमेकांवर चढणार असतील तर नोंद करतो. अजून न बांधलेला चौकही असा तपासता येतो. हे फार मोलाचे आहे.

अडचण एकच, पण मुळातली. आभासी चालक चुकतच नाही. त्याला धडक टाळण्यासाठीच घडवलेले असते. मोबाइलकडे पाहणारा, पेंगणारा माणूस या गणितात नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ८३ सिग्नलच्या चौकांवर पडताळणी झाली, तेव्हा संगणकाने नोंदलेल्या हुकलेल्या टकरी आणि खरे अपघात यांचे नाते दिसले खरे, पण निव्वळ वाहनसंख्येवरून बांधलेला अंदाज त्याहून सरस ठरला.

भारतात आणखी एक पेच आहे. इथे लेन रस्त्यावर रंगवलेली असते, पाळलेली क्वचितच. म्हणून पवईच्या आयआयटी मुंबईत मिश्र वाहतुकीसाठी ‘सिमट्रॅम’ घडवताना लेनच्याच अरुंद पट्ट्या पाडल्या गेल्या. दुचाकी थोड्या पट्ट्या व्यापते, ट्रक पुष्कळ. चौकात इथल्या अभ्यासकांना दुसरे एक माप सोयीचे पडते: एक गाडी ज्या जागेवरून गेली, तिथेच दुसरी किती सेकंदांनी पोचली. त्याला लेन लागत नाही. उंचावरून घेतलेले चौकाचे चित्रीकरण एकेक फ्रेम थांबवून पाहिले, की ते हाती येते.